वाकळींचं प्रदर्शन आणि माझ्या रजिस्टरातला सातवा रकाना

मागे शहापूरच्या मागवाल्यांवर लिहिलं तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं होतं, की तुमच्या गल्लीत ते वाकळींचं प्रदर्शन झालं होतं त्याबद्दल लिहा. लिहितो म्हणालो आणि राहून गेलं. खरं सांगायचं तर राहून गेलं नाही, मीच टाळत होतो. का टाळत होतो ते पुढं येईलच.

प्रदर्शन झालं शनिवार २५ आणि रविवार २६ जानेवारी २०२० रोजी. संक्रांत ते रथसप्तमी हा हळदीकुंकवाचा काळ. दरवर्षी आमच्या गल्लीतल्या बायका वाण म्हणून प्लास्टिकचे डबे लुटतात. त्या वर्षी आमच्या सूनबाईंनी टूम काढली, की यंदा डबे नकोत, प्रत्येकीनं घरातली जुनी वाकळ आणायची आणि सगळ्यांनी बघायची. बायकांना कल्पना आवडली, पण हिशेब आणि नोंदी कोण ठेवणार? छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस रिकामा बसलेला सगळ्यांना दिसत होताच. मी हो म्हणालो. रजिस्टर म्हटलं की माझा हात आपोआप पट्टी-पेन्सिलीकडं जातो.

पहिला प्रश्न नावाचाच. पुण्याकडचे लोक गोधडी म्हणतात. आमच्या बेळगाव भागात वाकळ. शेजारच्या कानडी घरात तीच कौदी. संस्कृतात कंथा म्हणतात असं आमचे शाळेतले मास्तर सांगायचे. तान्ह्या बाळाचं असेल तर दुपटं. वस्तू एकच: जुनी लुगडी, धोतरं, फाटके सदरे एकावर एक अंथरायचे आणि धावदोऱ्यानं सगळे थर एकमेकांत धरून टाकायचे. बोर्डावर काय लिहायचं यावरून मात्र बैठकीत आवाज चढले. एका तरुणाचं म्हणणं, फक्त मराठीत बोर्ड लावायचा, इतकी वर्षं आपण कशासाठी भांडलो? आमच्या गावात हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या घरातले लोक लाठ्या खाऊन, तुरुंगात जाऊन आलेत त्या घरातला तो मुलगा. मी गप्प बसलो. शेवटी मागच्या गल्लीतल्या कानडी अज्जींनी, ज्यांचा हात कौदीवर आमच्या सगळ्या बायकांपेक्षा चांगला बसलेला आहे, दारात उभं राहून एवढंच विचारलं, "माझी कौदी आणू का नको, तेवढं सांगा. घरात कामं पडल्यात." मग बोर्ड झाला, वर वाकळ आणि खाली कौदी, दोन्ही लिप्यांत. तो मुलगा दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आजीची वाकळ काखोटीला मारून आला.

दुसरी अडचण याहून मोठी. लोक वाकळी द्यायला तयार होईनात. "अहो, फाटकं-तुटकं चारचौघांत काय मांडायचं?" घरोघरी हेच उत्तर. पाहुणे आले की आपण सोलापुरी चादर काढतो, नवी ब्लँकेट काढतो. वाकळ असते कपाटाच्या तळाशी, नाहीतर माळ्यावर, नाहीतर गाडीच्या सीटवर, नाहीतर कुत्र्याखाली. वाकळ म्हणजे गरिबी, हे समीकरण आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की ती नीट घडी घालून, पावती घेऊन कुणी मागायला आलं तर लोकांना त्यात थट्टा वाटते. मी पावती पुस्तक छापून घेतलं. कार्बन घालून दोन प्रती: एक मालकाला, एक माझ्याकडं. पावती हातात पडल्यावर लोकांचा चेहरा बदलायचा. बँकेत असताना मी हे पाहिलेलं आहे, कागदावर शिक्का पडला की वस्तूला किंमत येते.

रजिस्टरात रकाने आखले ते असे: नग क्रमांक, मालकाचं नाव, मूळ गाव, अंदाजे साल, लांबी-रुंदी-वजन, कापड कोणकोणतं, आणि सातवा रकाना, शिवणारीचं नाव. एकूण त्रेसष्ट नग जमले. वजनासाठी रद्दीवाल्याकडून हुकाचा काटा आणला. दुहेरी वाकळ साडेतीन ते पाच किलो भरते. ओली झाली की किती होत असेल याचा अंदाज ज्यांनी मार्कंडेय किंवा मलप्रभेच्या काठावर ती धुतलेली आहे त्यांनाच येईल. एका बाईचं काम नव्हे ते. एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि मध्ये पिळा.

नोंदी करता करता मला जे दिसत गेलं ते थोडं सविस्तर लिहितो, कारण ते कुठल्या पुस्तकात मी वाचलेलं नव्हतं. वाकळ उघडी पडलेली असते तिथं आतले थर दिसतात, आणि ते थर जुन्या लेजरसारखे वाचता येतात.

सगळ्यात जुन्या वाकळींत तळाला लुगडं. नऊवारी, म्हणजे साधारण आठ मीटर सुती कापड. ते घड्या घालून अंथरलं की एका माणसाच्या मापाची वाकळ तयार, वर-खाली अस्तर एकाच लुगड्याचं. ही लुगडी एक तर शहापूर, वडगाव, खासबागच्या हातमागावरची, नाहीतर इरकल. इरकलचा पदर रेशमी, अंग सुती, आणि पदराचा ताणा अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो. म्हणून जुन्या बायका वाकळीत घालण्याआधी पदर सोडवून घ्यायच्या. काठही उसवायच्या. काठ मजबूत, तो नाडीला, झोळीला, पाळण्याच्या दोरीला उपयोगी. वाकळीत जायचं ते फक्त अंग, घासून घासून मऊ झालेलं. मधल्या ठिगळांत चौकोनी, त्रिकोणी तुकडे खणाचे. गुळेदगुड्डचा खण चोळी फाटली तरी रंग सोडत नाही. सत्तर वर्षांनंतरही अंजिरी रंग तसाच.

शहापूर म्हणजे आज बेळगावातलंच एक उपनगर वाटतं, पण १९४८ च्या मार्चपर्यंत ते सांगली संस्थानात होतं. बेळगाव इंग्रजांचं, रस्ता ओलांडला की शहापूर पटवर्धनांचं. आमच्या लहानपणी म्हातारी माणसं अजूनही "गावात जाऊन येतो" असं म्हणत, म्हणजे बेळगावात. विणकर, सावकार, सराफ, रंगारी सगळे शहापुरात, म्हणून लुगड्यांचा व्यापार तिथं. आणि दुसऱ्या बाजूला कॅम्प. त्यामुळं आमच्याकडच्या वाकळींत एक गोष्ट सापडते ती साताऱ्या-पुण्याकडं फारशी नसावी असं मला वाटतं: खाकी ड्रिल. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र इथं असल्यानं घरटी नाही तरी गल्लीटी एक फौजी होताच. नग क्रमांक १२ च्या बरोबर मध्यभागी खाकी पँटचा खिसा बटणासकट शिवलेला आहे. बाईनं खिसा उसवला नाही, मुद्दाम ठेवला असावा. त्यात ती काय ठेवत असेल यावर बायकांची दिवसभर चर्चा.

मग महायुद्धाचा काळ. १९४३ नंतर कापडावर सरकारी नियंत्रण आलं, कंट्रोलचं कापड हा शब्द आमच्या पिढीनं आई-वडिलांच्या तोंडून ऐकलेला आहे. त्या वर्षांतल्या म्हणून ज्या चार वाकळी आल्या त्या हातात घेतल्या की कळतं. ठिगळं तळहाताएवढी, काही त्याहून लहान. आत पिठाच्या पिशवीचं कापड, एका ठिकाणी छत्रीचं काळं कापड. वजनाला हलक्या, पण टाके सर्वांत दाट याच वाकळींचे. कापड नाही म्हटल्यावर बाईनं दोऱ्यानं भर घातली.

आणि साठच्या दशकापासून पुढं नायलॉन, टेरिलीन, टेरिकॉट. इथून वाकळ बिघडली असं माझं स्पष्ट मत आहे. नायलॉनच्या साडीतून सुई सरळ जात नाही, थर एकमेकांवरून घसरतात, आणि मुख्य म्हणजे ऊब नाही. अंगावर घेतली की वाकळ सरकून खाली. घरात नऊवारी नेसणारी शेवटची बाई गेली की त्या घरातली वाकळही गेली, असंच जवळजवळ सगळीकडं.

एक नग सांगायचा राहिला. चंदगडची वाकळ. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नवी झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण त्यातला चंदगड तालुका मुंबई राज्याला दिला. ज्या बाईची ही वाकळ, तिचं माहेर चंदगड आणि सासर इथं उचगावला. लग्न झालं तेव्हा दोन्ही एकाच जिल्ह्यात. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा दुसऱ्या राज्यात गेली. वाकळीचा निम्मा भाग माहेरच्या लुगड्यांचा, निम्मा सासरचा. सूनबाई म्हणाल्या, बाबा, याच्यावर कार्डात छान ओळी लिहा. मी फक्त साल आणि दोन गावं लिहिली. ज्याला कळायचं त्याला कळलं.

सूनबाईंच्या ओळखीच्या एक शिक्षिका हल्याळकडं नोकरीला होत्या. त्यांनी तिथल्या सिद्दी बाईकडून एक कवंद आणलं. सिद्दी म्हणजे ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, त्यातले पुष्कळ गोव्यात पोर्तुगीजांचे गुलाम होते आणि तिथून सुटून कारवार जिल्ह्याच्या जंगलात शिरले. आपल्या खानापूर तालुक्यातही त्यांची वस्ती आहे, कोंकणी-मराठी मिसळलेली बोली बोलतात. त्यांचं कवंद आपल्या वाकळीची सख्खी बहीण, पण रंगाला भीत नाही. लाल, पिवळा, निळा, कसेही तुकडे वर शिवलेले. कोपऱ्यातून सुरुवात करून कडेकडेनं फिरत मध्यापर्यंत टाके आणायचे. आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून त्रिकोणी फुलं बसवलेली. या फुलांशिवाय कवंद पुरं झालं असं ते मानत नाहीत. आमच्या अज्जी त्या कवंदासमोर बराच वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी एक फूल हळूच उलटून आतली घडी बघितली. ("हात लावू नये" ही पाटी मीच लिहिली होती. मी दुसरीकडं पाहिलं.)

आता मांडणी. वाकळ टांगणं हे साडी टांगण्यासारखं नाही, हे आम्हांला नुकसान करून घेऊनच कळलं. मंडपवाल्यानं सांगितलं, दोरी बांधून देतो, चिमटे लावा. गुरुवारी संध्याकाळी पहिल्या दहा-बारा टांगल्या. शुक्रवारी सकाळी कुलूप काढून बघतो तर दोरीला झोळ आलेला, आणि नग १४, जवळजवळ ऐंशी वर्षांची वाकळ, चिमट्यांपाशी वीतभर फाटलेली. साडेचार किलो वजन चार चिमट्यांवर. माझ्या हातापायांतलं बळच गेलं. बँकेत असताना कॅश कमी भरली तर जे व्हायचं तेच. पावतीवर सही माझी.

मालकीणबाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "फाटंल की. आमच्या घरात असती तर उंदरांनी फाडली असती." पण मला चैन नव्हतं. अज्जी आल्या. मी नवा मजबूत दोरा आणून ठेवला होता तो त्यांनी बाजूला सारला. जुन्या कापडाला नवा दोरा चालत नाही, दोरा टिकतो आणि कापड कापत जातो. त्यांनी घरून एक विरलेलं धोतर आणलं, त्याचे उभे धागे ओढून काढले, तीन-तीन पदर पिळले आणि त्यानं ती वीतभर चीर सांधली. अडीच तास लागले. कुठं फाटलं होतं ते आज मला दाखवता येणार नाही.

मग पद्धत बदलली. प्रत्येक वाकळीच्या मागं, वरच्या कडेला, चार बोटं रुंद सुती पट्टी दोन्ही बाजूंनी कच्च्या टाक्यांनी जोडायची, म्हणजे लांबोळी पिशवी होते. त्यात बांबू सरकवायचा आणि बांबू दोन टोकांना बांधायचा. वजन सगळ्या कडेवर सारखं विभागलं जातं. ज्या फार विरल्या होत्या त्या टांगायच्याच नाहीत, बाजेवर आणि टेबलावर पसरायच्या. क्रमांकाची चिठ्ठी कापडाची, तीही कच्च्या टाक्यानं मागच्या कोपऱ्यात. टाचणी नाही, स्टेपलर तर नाहीच, गंज धरतो. डांबरगोळ्या कुणी घालू म्हणालं, मी नको म्हणालो, दोन दिवस लोकांना वास घेत हिंडावं लागलं असतं. आधी आठवडाभर सगळ्या वाकळींना सकाळचं ऊन दाखवलं होतं, घड्यांत कडुलिंबाचा पाला ठेवला होता. ढेकूण एकाच गाठोड्यात निघाले. कुणाचं ते मी सांगणार नाही.

वाकळ शिवायची कशी, हे पुढच्या पिढीला ठाऊक नसेल म्हणून थोडक्यात सांगतो. फाल्गुन-चैत्रात शेतीची कामं उरकली की वाकळींना हात लागायचा, कारण मृगाच्या आत पुऱ्या व्हायला हव्यात. आमच्याकडचा पाऊस एकदा लागला की लागला. सारवलेल्या जमिनीवर लुगडं अंथरायचं, त्यावर तुकडे असे मांडायचे की कुठं खळगा राहू नये, कुठं उंचवटा येऊ नये. वरून दुसरा पदर. मग दोघी समोरासमोरच्या कोपऱ्यांवर बसणार आणि कडेनं टाके घालत फिरणार, फेऱ्यामागून फेरा, बोटभर अंतरानं, मध्याकडं. शेवटचा टाका घालण्याआधी आत हळद-कुंकवाची चिमूट टाकायची आमच्या घरी रीत होती.

आमच्या घरी. हो, आता तिथंच यायचं आहे.

सगळ्याच बायका आपली वाकळ आपण शिवत नसत. फिरत्या समाजांतल्या बायका, त्यात गोंधळी समाजातल्याही, दारोदार येऊन मजुरीवर शिवून देत. आणि गावात काही घरं अशी होती की जिथं कापडाचं गाठोडं नेऊन दिलं की पंधरा दिवसांनी वाकळ मिळायची. आमचं घर त्यांतलं एक होतं. वडील कापड दुकानात दिवाणजी होते. १९६२ साली ते आजारी पडले आणि त्यांचं काम सुटलं. मी अकरा वर्षांचा, आक्का सोळाची. आईनं पुढची अकरा वर्षं लोकांच्या वाकळी शिवल्या. एका वाकळीची मजुरी तीन रुपये. आक्काचं लग्न होऊन ती गडहिंग्लजला जाईपर्यंत समोरच्या कोपऱ्यावर ती बसायची, नंतर आई एकटीच दोन्ही कोपरे करायची. माझी शाळेची फी, मग कॉलेजची फी, त्यातूनच.

१९७३ साली मला बँकेत नोकरी लागली. पहिला पगार आणून आईच्या हातात दिला आणि म्हणालो, आता हे बंद. तिनं बंद केलं. त्यानंतर आमच्या घरात तो विषय नाही. स्थळं आली तेव्हा मी सांगितलं, आईला शिवणकामाची आवड आहे. आमच्या सौभाग्यवतींनाही एवढंच माहीत होतं. १९८८ साली घर पाडून नवं बांधलं तेव्हा आईच्या हातच्या दोन वाकळी होत्या, त्या मी गवंड्यांना देऊन टाकल्या. सिमेंटच्या पोत्यांवर पाऊस लागू नये म्हणून त्यांनी त्या पांघरल्या. आई बघत होती. काही बोलली नाही. १९९४ साली ती गेली.

प्रदर्शनाच्या आधीच्या मंगळवारी कडोलीहून एक म्हातारी नातवाच्या मोटरसायकलवर बसून वाकळ घेऊन आली. नग ३८. मी लांबी-रुंदी घेण्यासाठी टेबलावर पसरली आणि कोपऱ्यापाशी माझा हात थांबला. आमची आई कोपऱ्यावर वळताना तीन छोटे टाके एका ठिकाणाहून घालायची, कावळ्याचा पाय उमटावा तसे. तिला नावापुरतं लिहिता यायचं, पण तिची खरी सही ती. चारी कोपऱ्यांना कावळ्याचे पाय होते.

मी नेहमीसारखं विचारलं, शिवणारी कोण? म्हातारी म्हणाली, "शापुरातली एक बाई शिवायची. दादला आजारी हुता तिचा. नाव कुनाला म्हाईत? मी नवी नवरी हुते, सासूसंगं शनवारच्या बाजारादिशी गाठोडं घिऊन आल्ते. सोप्यात तिचं पोरगं वाचत बसल्यालं. मान वर केली न्हाई पोरानं." मग थोडं थांबून म्हणाली, "माज्या सासूनं आठ आणे कमी दिल्ते तिला. टाकं लांब पडल्यात म्हनून. खोटंच वो. टाकं बघा की तुमीच, लांब हाईत व्हय?"

मी टाके बघितले. लांब नव्हते. मी सातव्या रकान्यात लिहिलं, "माहीत नाही."

मंडळी, तोवर त्या रकान्यात मी पुष्कळ वेळा "माहीत नाही" लिहिलं होतं आणि प्रत्येक वेळी मनात चिडलो होतो, की लोकांना पन्नास वर्षं जी अंगावर घेतली ती कुणी शिवली हे ठाऊक नसावं? या वेळी मी स्वतः लिहिलं, आणि ती नोंद खोटी होती. छत्तीस वर्षांत जाणूनबुजून खोटी नोंद मी एकही केली नव्हती.

शुक्रवारी रात्री कार्डं छापायला जायची होती. मी गडहिंग्लजला आक्काला फोन केला. वाकळ सापडली म्हणालो. ती पलीकडं रडली असेल असं मला वाटलं, पण तिनं पहिलं विचारलं, "कावळ्याचे पाय चारी कोपऱ्यांना हाईत काय? मग समोरचे दोन माझे असतील, मी पण तसेच घालायचे." आणि मग, "तू कार्डावर काय लिहिलंस?" मी सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्या आठ आण्याच्या दिवशी तू जेवला न्हाईस, आठवतंय? आईनं तुझ्याशी खोटं सांगितलं, की बाईकडं सुट्टे न्हवते. तुला खरं कळलं असतं तर तू शाळा सोडली असतीस म्हणाली." मला यातलं काहीच आठवत नव्हतं. मी मान वर करत नव्हतो ना.

रजिस्टरात खाडाखोड करायची नसते. चुकीच्या शब्दावर एक सरळ रेघ ओढायची, वर बरोबर लिहायचं आणि बाजूला सही करायची, हा बँकेतला नियम. तसं केलं. आईचं पूर्ण नाव लिहिलं, आक्काचं लग्नाआधीचं नाव लिहिलं, आणि पुढं "मजुरीवर, रुपये तीन, पैकी अडीच मिळाले." कार्डावरही तेवढंच छापलं. सौभाग्यवतींनी ते शनिवारी सकाळी हॉलमध्ये वाचलं. माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, "सत्तेचाळीस वर्षं?" मी काही बोललो नाही. चहा मात्र त्या दिवशी मिळाला नाही.

त्या दोन दिवसांत जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. नग ३८ चं कार्ड वाचून बायका माझ्या टेबलापाशी यायला लागल्या. हळू आवाजात. आमची आईपण शिवायची हो, पैसे घेऊन. आमची आत्या. आमची सासू, पण घरात सांगायचं नाही असं होतं. निपाणीकडच्या एका बाईनं सांगितलं, आई दिवसा विड्या वळायची आणि रात्री वाकळ. एक निवृत्त हेडमास्तर येऊन उभे राहिले, चष्मा पुसला, आणि नग ५१ कडं बोट दाखवून आपल्या थोरल्या चुलतीचं नाव सांगितलं. मालक वेगळेच होते, त्यांना माहीत नव्हतं. पण त्या बाईंचा टाका तिरका पडायचा, डावखुऱ्या होत्या, हे मास्तरांनी ओळखलं. मी एकेक रेघ ओढत गेलो, सही करत गेलो. रविवारी संध्याकाळी सातव्या रकान्यात रिकाम्या जागा उरल्या सतरा.

सोमवारी पावत्या घेऊन वाकळी परत दिल्या. कडोलीची म्हातारी आली तेव्हा मी आडून आडून विचारलं, ही वाकळ मला द्याल का, पैसे देतो. ती माझ्याकडं बघत राहिली. तिला मी अजून सांगितलं नव्हतं, तेव्हा सांगितलं. तिनं माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. आणि वाकळ घडी घालून नातवाच्या हातात दिली. "न्हाई देत बाबा. पावसाळ्यात नातवंडं कशात निजायची?"

नंतर दोन महिन्यांत कोरोना आला. कडोलीची ती म्हातारी २०२१ साली गेली. अज्जीही आता नाहीत. आक्का आहे, तिला आता दिसत नाही, पण सुई ओवून दिली तर टाका सरळ घालते.

वाकळी आपापल्या घरी आहेत. रजिस्टर माझ्याकडं आहे. या ग्रुपवर बेळगाव, खानापूर, चंदगड, निपाणीकडचे, आणि तिकडून बडोदा-इंदूरला गेलेले बरेच जण आहेत, म्हणून सतरापैकी ज्यांच्या खुणा स्पष्ट आहेत त्या खाली देतो. कुणाला ओळख पटली तर नाव आणि गाव कळवा.

नग १२: मध्यभागी खाकी पँटचा खिसा, पितळी बटण, कडेला हिरवं इरकल. बेळगुंदीकडची.

नग २९: छत्रीचं काळं कापड, अतिशय दाट टाके, एका कोपऱ्यात लाल दोऱ्यानं स्वस्तिक. येळ्ळूर.

नग ४४: बाळाचं दुपटं, खणाच्या सोळा त्रिकोणांचं, दोऱ्याचे दोन रंग, म्हणजे दोघींनी शिवलेलं. सांबरा.

नग ५७: मधला शेवटचा टाका घातलेलाच नाही, दोरा तसाच लोंबता ठेवलेला आहे. वडगाव.